न सांगण्याचं कलम

माझ्या हातात तो मोठा निळा चेंडू दिसला, की आमची अख्खी इमारत समजते, कुठेतरी कुणालातरी कळा सुरू झाल्या. समजते ते बरोबरच आहे. मी डूला आहे. बाळंत होणाऱ्या बाईच्या सोबतीला असते. तिचा हात धरते, कंबर दाबून देते, चेंडूवर बसवून तिला डोलवते, ती घाबरली तर धीर देते आणि नवरा घाबरला तर त्याला पाणी प्यायला बाहेर पाठवते. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, सुईणही नाही, हे मी लिफ्टमध्ये, वाण्याच्या दुकानात आणि पार्किंगमध्ये इतक्यांदा सांगितलंय, की आता माझं मलाच ते केविलवाणं वाटतं. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

“म्हणजे नुसती सोबत करता?”

“हो.”

“आणि त्याचे पैसे घेता?”

मग सल्ले सुरू होतात. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंचं म्हणणं, नुसत्या सोबतीवर धंदा चालत नाही, जोडीला मालिशचं तेल विकायला ठेव. त्यांच्या भाच्याकडे तेल आहेच. सेक्रेटरींचं म्हणणं, चेंडू ही व्यावसायिक वस्तू असल्याने लिफ्टमधून न्यायची झाली तर रीतसर अर्ज हवा. तो अर्ज मी दिला. त्यावर त्यांनी चेंडूचं वजन विचारलं. हवेच्या चेंडूचं वजन किती लिहायचं या विचारात मी अजून आहे.

आमचे हे विमा कंपनीत दाव्यांची तपासणी करायचे. लोकांचं खोटं पकडण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर करायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी माझा करारनामा तयार केला. त्यात बाळाच्या जन्माला ‘सदर घटना’ म्हटलंय. पण थट्टा बाजूला ठेवली, तर कागद पक्का आहे. मी काय करणार नाही, ते त्यात स्वच्छ लिहिलंय: तपासणी करणार नाही, औषधाबद्दल मत देणार नाही, यंत्रावरच्या आकड्यांचा अर्थ सांगणार नाही, आणि डॉक्टरांशी बाईच्या वतीने भांडणार नाही. लोक तो न वाचता सही करतात. नीट वाचून, वर स्वतःचं एक कलम हाताने लिहून सही करणारी एकच भेटली. तिथेच माझं घोडं पेंड खायला लागलं.

ती आमच्या दवंडीवहिनींची सून.

दवंडीवहिनी पहिल्या मजल्यावर राहतात, अगदी जिन्याला लागून. त्यांचं दार सदा उघडं. बाईंच्या मनात पाप नाही आणि पोटात गोष्ट राहत नाही. कुणाची बढती, कुणाचा गळका नळ, कुणाच्या मुलाचा घटलेला टक्का, सगळं इमारतीला त्यांच्याकडून कळतं, आणि तेही अशा आवाजात, की पार्किंगमधल्या गाड्यांनाही कळावं. मुलगा-सून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. सुनेला दिवस राहिल्यावर, “आमच्याच डोक्यावर डूला राहते, बाहेर कशाला शोधता?” असं म्हणून वहिनींनीच माझं नाव सुचवलं. माझ्या प्रशिक्षणातल्या बाईंनी बजावलं होतं, की आपण राहतो त्या इमारतीतलं काम घेऊ नये. पण कित्येक आठवडे हाताला काम नव्हतं. एक बाई माहेरी गेली, एकीला फुकट सोबत करणारी मावसबहीण सापडली. मी होकार दिला.

सूनबाईने करार वाचला, पेन मागितलं आणि खाली लिहिलं: ‘कळा सुरू झाल्याचं सासरी, माहेरी, शेजारी कुणालाही कळता कामा नये. बाळ झाल्यावर मी स्वतः सांगेन.’

“काकू, हे एवढं पाळा,” ती म्हणाली. “बाकी कंबर नाही दाबलीत तरी चालेल.”

मग तिने कारण सांगितलं. पहिल्या खेपेला दुसरा महिना लागतोय न लागतोय तोच वहिनींनी आनंदाने गावभर केलं होतं. नंतर ते राहिलं नाही. आनंदाची बातमी वहिनींनी पोचवली होती, पण प्रत्येक दारात ‘नाही राहिलं’ हे मात्र तिला स्वतःला सांगावं लागलं. इस्त्रीवाल्याला, बँकेतल्या बाईला, बसथांब्यावर भेटणाऱ्या, नावही माहीत नसलेल्या एका आजोबांना. “कितीतरी महिने मी तेच वाक्य बोलत होते, काकू,” ती म्हणाली. “कळा सुरू झाल्या आणि मला कळलं की तिकडे इमारत वाट बघतेय, तर माझ्याने काही व्हायचं नाही.”

मी सही केली. पेन खाली ठेवून विचारही केला नाही. करायला हवा होता.

कारण मी तोंड बंद ठेवून भागणार नव्हतं. माझा चेंडूच बोलत होता. मी चेंडू घेऊन बाहेर पडले, की वहिनी ताडणार, आणि वहिनींनी ताडलं की गावाला कळणार.

हा प्रश्न मी यांच्यापुढे मांडला. ते खुशीत आले. “संशय एका जागी राहिला की पकडला जातो,” ते म्हणाले. “आपण तो घाऊक करू. तू रोज चेंडू घेऊन बाहेर पड. चार दिवसांत लोक बघायचे थांबतील.”

म्हणून मी रोज चेंडू घेऊन बागेत जाऊन बसायला लागले. लोक बघायचे थांबले नाहीत. उलट धंदा भरभराटीला आला अशी वार्ता उठली. मास्तरीणबाईंनी तेलाच्या बाटल्या आणून दाराशी ठेवल्या. सेक्रेटरी म्हणाले, रोजची वाहतूक असेल तर अर्ज वेगळा लागतो. आणि वहिनी? मी जिन्यावरून उतरले, की त्या लगेच मुलाला फोन लावत. एक दिवस सूनबाईचाच मला फोन आला.

“काकू, आईंचे रोज फोन येतायत. ‘सुरू झालं का’ म्हणून. तुम्ही चेंडू घेऊन जाता कुठे?”

“बागेत.”

“कशाला?”

“सराव,” मी म्हटलं.

“कशाचा?”

जिला शांत ठेवायचं म्हणून मी नेमलेली, तिचीच झोप मी उडवली होती. हे ऐकून तरी यांनी हात टेकावेत की नाही? पण यांची दुसरी योजना तयार होती. चेंडू आणि पिशवी सूनबाईच्या घरी आधीच नेऊन ठेवायची. वेळ आली, की मी रिकाम्या हाताने, साध्या कपड्यांत, दाताच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखी बाहेर पडायचं. मी खोटं बोलत नाही. हा माझा नियम आहे, आणि नवरा शेजारी उभा असला की तो पाळायला सोपाही जातो. बोलायचं काम त्यांनी घेतलं.

सकाळी फोन आला. “काकू, पाणी गेलं,” सूनबाई म्हणाली. “डॉक्टर म्हणाले, या. पण अजून अवकाश आहे, सावकाश निघतो.”

माझे हात आपोआप चालायला लागले. नखं कापली, अंगठ्या काढल्या, केस घट्ट बांधले. अत्तर नाही, पावडर नाही, कारण कळांमध्ये बाईला वास सहन होत नाही. आणि पोटभर जेवले, भर सकाळी, उभ्या उभ्या. एकदा आत गेलं की पुढचा घास कधी मिळेल ते सांगता येत नाही. तेवढ्यानेही भागेना, म्हणून दोन केळी घेतली.

जिन्यात वहिनी उभ्या होत्या.

“काय हो ताई, सकाळीच निघालात?”

“दाताच्या डॉक्टरकडे,” आमचे हे म्हणाले. तिथे थांबायचं होतं. पण थांबतील तर ते आमचे हे कसले? “वरची डावी दाढ. मागून दुसरी. आधी नुसतं गार पाणी लागायचं. परवापासून गरमही लागतं. मुळाशी गेलीय कीड. डॉक्टर म्हणाले, नस काढावी लागेल, काही खायचंप्यायचं नाही.”

खरं बोलणारा माणूस एवढं कधी सांगत नाही, हे सांगून ज्यांनी आयुष्यभर लोकांचे दावे फेटाळले, तेच हे गृहस्थ. आणि ते हे सांगत असताना त्या कीड लागलेल्या डाव्या दाढेखाली मी केळं चावत होते. दुसरं हातात होतं.

वहिनींनी केळ्याकडे पाहिलं. मग माझ्या मोकळ्या बोटांकडे.

“बरं. सावकाश जा,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

वहिनींनी आजवर कुणालाही एवढ्या थोडक्यात जिना उतरू दिला नव्हता. माझ्या डोक्यात तेव्हाच घंटा वाजायला हवी होती. मी मात्र, जमलं बाई एकदाचं, म्हणून गाडीत बसले.

सूनबाईच्या घराकडे जायला सरळ रस्ता आहे. पण यांनी गाडी उलटी घातली. “वहिनी खिडकीतून बघत असतील,” ते म्हणाले. “दाताच्या डॉक्टरच्या गल्लीतून जाऊ. पुरावा राहतो.” त्या गल्लीत एक ट्रक उभा होता, आणि ट्रक आणि भिंत यांच्या मध्ये एक तिजोरीसारखं लोखंडी कपाट आडवं अडकलं होतं. हमाल म्हणत होते मागे घ्या, मालक म्हणत होता पुढे ढकला. आमच्या मागे गाड्या लागल्या. आता पुढेही जाता येईना, मागेही.

फोन वाजला. सूनबाईचा नवरा होता. त्याचा आवाज चिरका झाला होता. “काकू, एकदम वाढल्या कळा. थांबता येत नाहीये. आम्ही निघालो, तुम्ही थेट हॉस्पिटलला या.”

ही गोष्ट वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटेल, म्हणून सांगते. मी नेहमी आधी घरी पोचते आणि बाईचा हात धरूनच हॉस्पिटलच्या दारातून आत जाते. हात धरलेल्या बाईला कुणी अडवत नाही. मागून एकटी गेले, तर मी कोणीच नाही. माझ्या कामाला तिथल्या कुठल्याही कागदावर रकाना नाही. आणि मी अडकले होते कुठे, तर कधीच न किडलेल्या माझ्या दाढेच्या डॉक्टरच्या दारात.

“अहो, काय ती तुमची दाढ!” मी ओरडले, दार उघडलं, कपाटाच्या खालून वाकून पलीकडे निघाले आणि पळत सुटले. या वयात, भर रस्त्यात. लोक वळून बघत होते. बघू देत म्हटलं. ती बाई माझी वाट बघत होती आणि मी तिला शब्द दिला होता.

हॉस्पिटलच्या खिडकीत एक कारकून बसला होता. पेशंटबरोबर दोघांना पास, असा तिथला नियम. एक नवरा, एक बाईमाणूस.

“नातं?” कारकुनाने विचारलं.

“डूला.”

“नातं विचारलं.”

“नातं नाही. मी त्यांची डूला आहे. डॉक्टरांना माहीत आहे, मी इथे आधीही आले आहे.”

“तेव्हा पेशंटबरोबर आला असाल. पास नातेवाइकांना. मावशी, आत्या, आई, सासू, बहीण. यात बसता का?”

“नाही.”

“मग बसा,” असं म्हणून त्याने बाकाकडे बोट दाखवलं.

मावशी आहे म्हटलं असतं तर काम झालं असतं. त्याला फरक पडत नव्हता, तो जणू तेच सुचवत होता. पण उद्या आत काही बरंवाईट झालं आणि विचारणा झाली, तर खोट्या नात्याने शिरलेली बाई म्हणून माझंच नव्हे, माझ्यानंतर येणाऱ्या सगळ्या डूलांचं दार बंद होणार. मी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये. नवऱ्याला लावला. उचलत नव्हता. वरून एक आया आली आणि कुणाची वाट बघावी तशी इकडेतिकडे बघत म्हणाली, “काकू कोण आहेत? वर ती मुलगी काकू काकू करतेय.”

“मी,” मी म्हटलं.

“पास आहे?”

पास नव्हता. मी कारकुनाला हात जोडले. एवढी वर्षं इभ्रतीने काम केलेली बाई मी, त्या खिडकीपुढे हात जोडून उभी राहिले. तो नियमावर बोट ठेवून बसला होता, आणि त्याचंही काही चुकत नव्हतं.

“मी सासू आहे,” माझ्या मागून आवाज आला.

वहिनी होत्या. केळं बघून त्यांना कळलंच होतं. इमारतीत कुणालाही न सांगता त्या टॅक्सी करून आल्या होत्या. दाताच्या गल्लीत न शिरल्यामुळे माझ्या पाठोपाठ पोचल्याही होत्या. ओळखपत्र दाखवलं, पास मिळाला. त्यावर ठळक अक्षरांत ‘सासू’ असं लिहिलेलं.

संपलं सगळं, मला वाटलं. जे होऊ नये म्हणून तिने हाताने कलम लिहिलं, तेच पास घेऊन वर निघालं होतं, आणि तेही माझ्या मागे मागे येऊन. मी त्यांना थांबवू शकत नव्हते. ‘तिला तुम्ही नको आहात’ असं सांगितलं, तर तेही तिचं गुपित फोडणंच.

वहिनी लिफ्टपर्यंत गेल्या. थांबल्या. परत आल्या.

“ताई, तुमच्यासमोर ती ओरडते का हो?”

“ओरडायला हवं तेव्हा ओरडते.”

“माझ्यासमोर नाही ओरडायची. गप्प राहील. मागच्या वेळीही गप्पच होती.” त्यांनी गळ्यातला पास काढला आणि माझ्या गळ्यात घातला. “जा तुम्ही.”

“अहो, पास दुसऱ्याला देता येत नाही!” कारकून उठला.

वहिनी त्याच्याकडे वळल्या. आमची इमारत ज्या आवाजाला जागी होते, तो आवाज त्यांनी आज पहिल्यांदाच बाहेर काढला. “वर माझी सून बाळंत होतेय, तिला हीच बाई हवी आहे, आणि हा मुलगा म्हणतो, बसा!” अख्खी ओपीडी उठून बघायला लागली. कारकून खाली बसला.

लेबर रूमच्या दारात मी सिस्टरना सांगितलं, “पासावर सासू आहे, पण मी सासू नाही. डूला आहे. पास त्यांनी दिला.”

“मला दिसतंय,” सिस्टर म्हणाल्या. “हात धुवा आणि आत व्हा.”

सूनबाई घामाने चिंब झाली होती. मला बघून तिने हात पुढे केला, आणि मग तिची नजर माझ्या गळ्याकडे गेली. तिने ‘सासू’ वाचलं.

“काकू, हे काय?”

कळा देणाऱ्या बाईला धक्का द्यायचा नसतो. पण तिच्याशी खोटंही बोलायचं नसतं. दोन्ही एकाच वेळी पाळायची वेळ माझ्यावर आजवर आली नव्हती.

“आई खाली आहेत,” मी म्हटलं. “मी सांगितलं नाही, पण कळलं माझ्यामुळेच. मी घरातून निघताना चूक केली. मला पास मिळत नव्हता, तो त्यांनी दिला.”

तिने डोळे मिटले आणि कळ आली. ती अशी ओरडली, की तो ओरडा कळेचा, सासूचा की माझा, ते मला कळेना. मी कंबर दाबत राहिले. कळ ओसरल्यावर तिने नवऱ्याला म्हटलं, “जाऊन बघ. त्यांनी कुणाकुणाला फोन केले ते विचार.”

तो गेला आणि आला. “आईने फोन गार्डकडे देऊन ठेवलाय,” तो म्हणाला. “म्हणाली, हातात असला तर राहवणार नाही. बाकावर बसलीय.”

सूनबाईचे खांदे खाली आले. माझ्या हाताला ते कळलं.

दुपार तशीच गेली. मग यंत्रावरचे ठोके घसरायला लागले. सिस्टर आल्या, डॉक्टर आले, त्यांचं बोलणं तुटक झालं. नवरा माझ्या कानाशी आला. “काकू, हे आकडे बरे आहेत का?” त्याचे ओठ पांढरे पडले होते. असे आकडे मी आधी पाहिले होते. त्यानंतर काय काय होऊ शकतं, तेही पाहिलं होतं. “ते डॉक्टरांना विचार,” मी म्हटलं. “काय करायचं म्हणतायत आणि किती वेळ आहे, एवढं विचार.” त्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, कूस बदलून बघू, नाही सुधारलं तर ऑपरेशन. आम्ही तिला कुशीवर वळवलं. ती माझं मनगट आवळून धरत होती आणि मला म्हणत होती, “काकू, जाणार का हेही?” “मी इथे आहे,” मी म्हटलं. तेच म्हणत राहिले. माझ्या कामात शेवटी एवढंच असतं.

ठोके सुधारले. दिवे लागायच्या सुमाराला मुलगी झाली. मोठ्याने रडली. नवराही मोठ्याने रडला.

सूनबाईने मुलीला छातीशी घेतलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आईंना वर बोलवा.”

वहिनी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. सूनबाई म्हणाली, “मुलगी आहे. आई, मी जरा झोपते. उठल्यावर सगळ्यांना मी सांगणार. तोवर कुणाला नाही.”

वहिनींनी मान हलवली. नातीच्या पायाला एक बोट लावलं आणि बाहेर आल्या. घरी जाताना गाडीत त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. वाटभर त्यांनी तोंडावर रुमाल दाबून धरला होता. पुढे आमचे हे, कपाट शेवटी कसं निघालं, त्याची हकीकत सांगत होते.

इमारतीच्या फाटकाशी माणसं जमली होती. वहिनी दिवसभर बेपत्ता, फोन लागत नाही, मुलाचा फोन बंद, असं आजवर कधी झालं नव्हतं. आम्ही उतरलो.

“काय झालं?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

वहिनींनी तोंडावरचा रुमाल काढला नाही. नुसती मान हलवली, काही नाही अशा अर्थाने. सगळे माझ्याकडे वळले. मी म्हटलं, “मला काही सांगता येणार नाही.”

बस्स. त्यांना जे समजायचं ते ते समजले. दवंडीवहिनी गप्प आहेत, म्हणजे एकच अर्थ. माणसं हळू आवाजात बोलायला लागली. कुणी वहिनींना धरून वर नेलं, कुणी खुर्ची दिली. मास्तरीणबाई हमसून रडायला लागल्या. “पुन्हा तसंच का हो?” असं म्हणत त्यांनी वहिनींचा हात धरला. सेक्रेटरींनी गळा साफ करून सांगितलं, की अशा दुःखद प्रसंगी इमारत आपल्या पाठीशी आहे, आणि पुढच्या आठवड्याची सभा रद्द समजावी. वहिनींचे खांदे गदगदा हलत होते. त्या रडतायत की हसू दाबतायत, मला ओळखू येईना. मला वाटतं दोन्ही. जिवंत, ठणठणीत नातीबद्दलचं सांत्वन त्या घरभर माणसांकडून घेत होत्या आणि चकार शब्द काढत नव्हत्या.

मला ते बघवेना. एका वाक्याचं काम होतं. यांनी तर तोंड उघडलंच होतं, “वास्तविक पाहता...” मी त्यांचा पाय जोरात दाबला. ते बसले.

आणि फोन वाजला. सूनबाई. “काकू, उठले मी. ती नीट दूध ओढतेय का, ते कसं ओळखू?”

मी जिन्यात गेले, तिला आधी दुधाचं सांगितलं. मग तिच्या सासूच्या घरात काय चाललंय ते सांगितलं. तिच्याशी बोलताना मला कुठलंच कलम आड येत नव्हतं.

“त्या अजून काहीच बोलल्या नाहीत?” तिने विचारलं.

“काही नाही. लोक त्यांना धीर देतायत.”

“मला स्पीकरवर टाका.”

मी आत जाऊन फोन उंच धरला. “मुलगी झाली,” सूनबाई म्हणाली. आवाज थकलेला होता पण स्वच्छ होता. “आम्ही दोघी बऱ्या आहोत. आई, तुम्ही आता बोला हवं तर.”

एकच गलका झाला. सेक्रेटरी भडकले, की एवढं भाषण करू दिलंत, मग आधी सांगायला काय झालं होतं? मास्तरीणबाई रडतच हसत होत्या. वहिनींनी रुमाल बाजूला केला. काहीतरी बोलायला गेल्या आणि नुसत्याच रडल्या, मोठ्याने, माणसांसमोर. सूनबाई फोनवर ते ऐकत राहिली. मग तिने मला स्पीकर बंद करायला सांगितलं आणि मी परत जिन्यात आले.

“काकू, ते कलम तुमच्याकडून मोडलं.”

“मोडलं,” मी म्हटलं. “उद्या येऊन आपण त्याबद्दल बोलू. तुला जे योग्य वाटेल ते मला मान्य आहे.”

“बोलायचं काही नाही. पुढच्या खेपेला तुम्हीच या.” ती म्हणाली. “फक्त त्या कलमाखाली सही आईंची घेऊ.”

मी फोन ठेवला. आमचे हे लगेच जवळ आले. “काय म्हणाली?”

“ते मला सांगता येत नाही,” मी म्हटलं, आणि सकाळपासून आवरून धरलेलं रडू जिन्यातच बाहेर पडलं.